पाणी सुटले की सोडले

मी, श्रीमती चारुलता शरद पोतनीस, वय ६३ वर्षे, धंदा सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार चवदार तळ्याजवळ, महाड, जिल्हा रायगड. मला कोणी बोलावलेले नसताना आज सकाळी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून समक्ष जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती महाडच्या कोर्टात वकिली करीत. ते आता हयात नाहीत. मुलगा रुचिर व सून मैथिली शहरात राहतात. पोलादपूर तालुक्यातील मोरझर धरणाचे पाणी जाड नळांतून ज्या शहराला पिण्यासाठी जाते, तेच हे शहर.

धरण होण्यापूर्वी त्या जागी मोरझर नावाचे गाव होते. माझे वडील डॉक्टर होते व त्यांचा दवाखाना त्या गावात होता. माझे लहानपण तेथे गेले. पुढे मला पाचगणीला कॉन्व्हेंट शाळेत ठेवले. मे महिन्याच्या सुट्टीत मी आंबेनळी घाटाने एसटीतून खाली येत असे, तेव्हा फाट्यावर एक मुलगी करवंदांचा द्रोण घेऊन उभी असे. गाडीला उशीर झाला तर करवंदे कमी असत. हा मजकूर गुन्ह्याशी संबंधित नाही असे जबाब घेणारे हवालदार अनिल यांनी मला सांगितले. मी त्यांना सांगितले की संबंधित आहे, कारण ती मुलगी म्हणजे धरणाचे पाणी सोडल्याच्या या गुन्ह्यात अटक केलेली श्रीमती बनुबाई कुशाबा उतेकर, राहणार मोरझर पुनर्वसन गावठाण, ही होय. मी तिला बनू म्हणते व ती मला चारू म्हणते. आमच्यात दुसरे कोणतेही नाते नाही.

माझ्या वडिलांना त्यांच्या इच्छेप्रमाणे मोरझरच्या नदीकाठी अग्नी दिला होता. बनुबाईचे सासू-सासरे, दीर व पती कुशाबा यांनाही तेथेच. ती जागा आता धरणाच्या पाण्याखाली आहे. गावातले पुरुष कामासाठी बाहेर गेल्यामुळे गेली काही वर्षे अक्षय तृतीयेला, ज्याला बनुबाई आकिती म्हणते, पितरांना पाणी सोडण्याचे काम गावातल्या बायका करतात. बायकांनी ते करावे की नाही यावर पूर्वी वाद झाला होता. तेव्हा बनुबाई म्हणाली होती, "मेलेल्या मानसाला तहान लागली तर तो काय बाया-पुरुष बघतो?" त्यानंतर वाद झाला नाही.

मोरझरच्या बायकांचा पाणी सोडण्याचा प्रकार असा आहे. मातीचा लहान घडा भरून, त्यात वाळा टाकून काठावर न्यायचा. ओंजळीत पाणी घेऊन, गेलेल्या माणसाचे नाव मोठ्याने घेऊन, अंगठ्याच्या बाजूने ते पाणी सोडायचे. एका माणसाला एक ओंजळ. धरणावर कुंपण झाल्यापासून बायकांना आत येऊ देत नाहीत, म्हणून बाकीच्या बायका टँकरच्या पाण्यात ते उरकतात. बनुबाई व मी जुन्या गाडीवाटेने जातो. उन्हाळ्यात धरण आटले की ती वाट उघडी पडते. त्या वाटेला कुंपण नाही, कारण ती वाट आहे हे कुंपण घालणाऱ्यांना माहीत नव्हते.

काल अक्षय तृतीया होती. मी सकाळच्या एसटीने महाडहून पोलादपूरला व तेथून उमरठकडे जाणाऱ्या गाडीने गावठाणाच्या फाट्यावर उतरले. बनुबाई तेथे उभी होती. आम्ही दोघी चालत धरणाच्या काठी गेलो. पाणी खूप खाली गेले होते. देवळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, वडिलांच्या दवाखान्याचे जोते दिसत होते. जोत्यावर एक बगळा बसला होता. बनुबाई म्हणाली, "बघ गो चारू, तुज्या बापाकडं पेशंट आलाय." आम्ही हसलो. हे मी अशासाठी सांगते की त्या वेळी आम्हा दोघींपैकी कोणाच्याही मनात नुकसान करण्याचा हेतू नव्हता.

प्रथम मी माझ्या वडिलांना, आईला व पतीला पाणी सोडले. मग बनुबाईने सुरुवात केली. सासरे झाले, सासू झाली, दीर झाला. शेवटी तिने कुशाबाच्या नावाने ओंजळ भरली. त्याच वेळी धरणाच्या भिंतीपलीकडून मोठा आवाज आला. बनुबाई थांबली आणि म्हणाली, "ऐक. धरन गुरगुरतंय." पाठोपाठ भिंतीवरून धरणाचा पहारेकरी दीपक उतेकर धावत आला. तो दोन्ही हात वर करून ओरडत होता, "पानी सुटलं! पानी सुटलं!" हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. दीपक हा बनुबाईच्या याच वारलेल्या दिराचा मुलगा. तो तिला काकी म्हणतो.

भिंतीपलीकडचे पाणी जेव्हा वाहू लागले, तेव्हा बनुबाईच्या ओंजळीतले पाणी अजून तिच्या हातात होते. मी तिच्या शेजारी उभी होते. ती म्हणाली, "ह्याला एवढं देतंय नि मग बघू." मग तिने कुशाबाचे नाव घेऊन ते सोडले. या जबाबातील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून ती मी दोनदा सांगून लिहून घेतली आहे.

आम्ही भिंतीवर गेलो. खाली पायथ्याशी व्हॉल्वची खोली आहे. तिच्या दारातून व खिडकीतून पाणी बाहेर उसळत होते व कोरड्या नदीत जात होते. खोलीच्या दाराला कुलूप लावलेले होते. कुलूप तसेच होते व पाणी दाराच्या फळ्या फोडून येत होते. किल्ली दीपकच्या कमरेला होती. त्याने ती काढून हातात धरली होती, पण त्या पाण्यात दारापर्यंत जाणे कोणालाही शक्य नव्हते.

होळीच्या सुमारास मी बनुबाईकडे आले होते, तेव्हाची एक गोष्ट येथे नमूद करते. त्या दिवशी दीपक घरी जेवायला आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. बनुबाईने विचारले, "मुतलास काय रे?" तो म्हणाला, "काकी, व्हॉल्वच्या जोडाचं पॅकिंग गेलंय. गोनपाट नि टायरची ट्यूब बांधून आलोय. सायबांना तीनदा सांगितलं. म्हनतात पावसाळ्यानंतर बघू." बनुबाई म्हणाली, "आनि जोड काय म्हनतो?" हे संभाषण माझ्यासमोर झाले. भात वाढता वाढता झाले, त्यामुळे कोणी ते लिहून ठेवले नाही.

पाणी बरेच गेल्यावर वरच्या मुख्य झडपेवर माणसे आणून ते बंद करण्यात आले. त्यानंतर पाणीपुरवठा कार्यालयाचे उपअभियंता श्री. यशराज हे जीपने आले. त्यांच्या कानाला फोन होता व पलीकडचा माणूस त्यांना रागावत असावा, कारण ते सारखे "होय सर" म्हणत होते. शहरात पाणीकपात आधीच चालू आहे व त्यात हे झाले, असे त्यांच्या बोलण्यातून समजले. त्यांनी फोन खाली केला आणि तेथे उभ्या असलेल्या सर्वांना उद्देशून विचारले, "कोणी सोडलं पाणी? मला एक नाव पाहिजे."

बनुबाई पुढे होऊन म्हणाली, "मी सोडलं."

यापुढचे संभाषण मी आठवते तसे सांगते. फिर्यादीत त्यातले निम्मेच आले आहे.

साहेबांनी विचारले, "तुम्ही? कधी?"

"आत्ता मघाशी. दरसाल ह्याच दिवशी सोडतंय."

"दरवर्षी! कोणासाठी?"

"आमच्या मान्सांसाठी. तहानलेली हायती ती."

"आणि सोडलं कशाने?"

"हातानं. आनि कशानं सोडतात?"

"एकटीने?"

"ही चारू हुती की जोडीला. तिनंबी सोडलं. पूर्वी गावच्या साऱ्याच बाया सोडायच्या. आता तुमी येऊ देत नाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. माझा चष्मा, साडी व पर्स पाहिली. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कोण?" मी माझे नाव, गाव व पूर्वीची नोकरी सांगितली, आणि ही बाई पितरांना पाणी सोडल्याचे सांगते आहे, व्हॉल्वचे नाही, हे स्पष्ट मराठीत सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही यात पडू नका. तिने सगळ्यांसमोर कबूल केलंय." मी पुन्हा सांगू लागले तेव्हा ते मोठ्या आवाजात म्हणाले, "अहो, कसले पितर नि कसलं गाव? गाव बुडून किती वर्षं झाली! बाई, त्या गावावर आता पाणी सोडा!"

बनुबाई म्हणाली, "सोडलं की मघाशी. तेच तर सांगतंय."

जमलेल्यांत कोणीतरी हसले. साहेब हसले नाहीत.

त्यानंतर नदीच्या पात्रात गावठाणातल्या बायका हंडे घेऊन उतरलेल्या दिसल्या. साहेब म्हणाले, "बघा, हंडे तयारच होते. सगळं ठरवून केलंय." याबाबत मी सांगते की धरणाच्या पायथ्याशी राहूनही मोरझर गावठाणाला पाणी टँकरने मिळते. टँकरची वेळ ठरलेली नसते. त्यामुळे तेथे हंडे नेहमीच तयार असतात.

साहेबांनी फोनवर बनुबाईचे फोटो काढले. तिच्या हातातला घडा ओढून घेताना तो पडून फुटला. फुटलेला घडा पंचनाम्यात "पाणी सोडण्यासाठी वापरलेले साधन" म्हणून जप्त केला आहे, असे मला आज येथे कळले. तो घडा पोलादपूरच्या बाजारातला आहे. त्यात फार तर दोन लोटे पाणी मावत असे.

दीपक तेथेच होता. साहेबांनी त्याला विचारले, "तू ऐकलंस ना? तुझ्यासमोर कबूल केलं ना तिने?" दीपक म्हणाला, "होय साहेब." बनुबाई त्याला म्हणाली, "रं दीपक, तुज्या बापालाबी सोडलंय हां. त्याचं नाव घेतलं मी." दीपकने मान खाली घातली. आपली काकी काय बोलते आहे हे तेथे माझ्याखेरीज ज्या एका माणसाला पूर्ण कळत होते, तो दीपक होता. 

बनुबाईला जीपमध्ये बसवले. मीही बसू लागले तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला? तुम्हाला फाट्यावर सोडू का?"

आम्ही दोघींनी एकाच काठावर उभे राहून एकच कृत्य केले. तिने माझे नावही सांगितले होते. तिच्यावर गुन्हा दाखल झाला व मला गाडीने फाट्यावर सोडण्याची तयारी दाखवण्यात आली. फिर्यादीत माझे नाव नाही. ते का नाही, याचा खुलासा फिर्यादीकडून घ्यावा. मी फाट्यापर्यंत चालत गेले.

उपअभियंता श्री. यशराज या इसमाला मी माफ केलेले नाही, हे लिहून घ्यावे अशी विनंती मी हवालदारांना केली. जबाबात असे लिहीत नाहीत, असे त्यांनी सांगितले. मी म्हटले, मग मी असे म्हणाले एवढे लिहा. त्याप्रमाणे लिहिले आहे.

आज सकाळी मी येथे आले, तेव्हा बनुबाई आतल्या बाकावर महिला पोलीस शिपाई दीक्षा यांच्याजवळ बसलेली होती. तिला चहा दिलेला होता व तो तिने घेतला नव्हता. मला तिच्याशी बोलू देण्यात आले. मी तिला म्हटले, "बनू, त्यांना फक्त एवढंच सांग की मी पाणी सोडलं नाही. म्हणजे व्हॉल्वचं नाही. एवढं म्हटलंस की पुढचं मी बघते."

ती म्हणाली, "असं कसं म्हनू? सोडलंय की मी."

मी म्हटले, "ते वेगळं पाणी गं."

"पानी काय वेगळं नि एक असतं काय? नि काल आकिती हुती. आकितीला सोडलेलं पानी आज तोंडानं माघारी घेऊ? मी सोडलंच नाय म्हनलं, की ती सगळी वरसभर तहानलेली ऱ्हायली. तुजा बापूस पन."

मी म्हटले, "माझ्या बाबांना मी सोडलंय."

ती म्हणाली, "मग तू म्हन नाय सोडलं. बघू जीभ उचलते काय."

मी म्हणून पाहिले नाही.

शिपाई दीक्षा यांनीही तिला समजावले. त्या म्हणाल्या, "आजी, अहो नुसतं बोलायचंय. खरं थोडंच होतं?" बनुबाईने त्यांना विचारले, "तुज्या घरी आकितीला कोन सोडतं?" दीक्षा म्हणाल्या, "आई." बनुबाई म्हणाली, "मग तिला फोन कर नि ईचार, नाय सोडलं म्हनशील का?" दीक्षा यांनी फोन केला नाही. त्यांनी थंड झालेला चहा नेऊन दुसरा आणून दिला.

यावरून बनुबाई कोर्टातही नाही म्हणणार नाही, हे मला दिसते. तिला विचारतील "पाणी सोडलं का" व ती सांगेल "होय". म्हणून हा जबाब मी देत आहे. तो दिला नाही तर तिला तुरुंगात पाठवायला तिचा स्वतःचा एक शब्द पुरेसा होईल.

यानंतर ठाण्याच्या व्हरांड्यात दीपक मला भेटला. तो फिर्यादी पक्षाचा साक्षीदार म्हणून आलेला होता. त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "मॅडम, तुमी पॅकिंगचं सांगनार काय?" मी होय म्हटले. तो म्हणाला, "कंत्राटाची नोकरी हाय माझी. उद्या काढतील." मी म्हटले, "आणि तुझी काकी?" तो म्हणाला, "काकीला काय करतील? म्हातारी हाय. जामीन मिळंल. तुमी महाडला जाल मॅडम. मला हितंच ऱ्हायचाय."

मी त्याला म्हटले, "दीपक, काल तू ओरडत धावत आलास तेव्हा काय ओरडत होतास?"

तो म्हणाला, "काय ते... पानी सुटलं."

"आणि साहेबांना काय सांगितलंस?"

मी त्याच्या उत्तरासाठी थांबले नाही. मी म्हटले, "तुझ्या तोंडातून पहिल्यांदा जे निघालं, तेवढंच आत जाऊन सांग. पॅकिंगचं मी सांगते." तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला. मी आत आले, त्यामुळे पुढे त्याने काय केले हे मी पाहिलेले नाही.

"सुटलं" आणि "सोडलं" या दोन शब्दांबद्दल मला जे सांगायचे आहे ते असे. पाचगणीला आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सिस्टर मंगळूरकडच्या होत्या. त्यांना मराठी कष्टाने आलेले होते, म्हणून प्रत्येक क्रियापदाला त्या विचारीत, "हे कोणी केले?" फुटणे आणि फोडणे. तुटणे आणि तोडणे. सुटणे आणि सोडणे. काच फुटली तर कोणाला शिक्षा नाही. काच फोडली तर एका मुलीला जेवणाच्या घंटेपर्यंत व्हरांड्यात उभे राहावे लागे. आमच्या वसतिगृहातल्या सगळ्या काचा आपोआप फुटत. सिस्टर आमच्याकडे बघून म्हणत, "तुमचं व्याकरण फार चांगलं आहे." त्या बाई फार प्रेमळ होत्या. ते व्हरांडे, तिथल्या सिल्व्हर ओकच्या सावल्या, हे सारे मला अजून आठवते. हवालदार म्हणतात की हे पुरे. मला एवढेच सांगायचे आहे की दीपक "सुटलं" म्हणत आला होता. त्या शब्दाला करणारा लागत नाही. साहेबांनी विचारले "कोणी सोडलं", कारण त्यांना करणारा पाहिजे होता. त्यांचे मराठी माझ्याइतकेच चांगले आहे. त्यांना दोन्ही शब्द माहीत होते.

हा जबाब चालू असताना माझी सून मैथिली हिचा मला फोन आला. हवालदारांच्या परवानगीने मी तो घेतला. ती म्हणाली, "आई, तुमच्या तिकडच्या कुठल्याशा अडाणी बाईने धरणाचं पाणी सोडून दिलंय. आमच्याकडे आज थेंब नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरतोय. अशांना आतच टाकलं पाहिजे."

मी तिला म्हटले, "फोटोत तिच्या शेजारी कोण आहे, नीट बघ."

ती म्हणाली, "कोणी नाही. कापलाय तो. एक कोपर दिसतंय नुसतं. आणि निळ्या साडीचा काठ." तिने फोटो पुन्हा पाहिला असावा. मग म्हणाली, "आई, तुमच्याकडे अशी साडी आहे ना? मीच दिली होती."

मी म्हटले, "तीच आहे. कोपरही माझंच आहे."

तिने विचारले, "तुम्ही कुठे आहात?" मी पोलीस ठाण्यात असल्याचे सांगितले. तिने फोन रुचिरला दिला. रुचिर म्हणाला, "आई, तू यात कशाला पडतेस?" काल साहेबांनी अगदी हेच शब्द वापरले होते. मी त्याला म्हटले, "बाळा, तुझ्या आजोबांना तुझ्या वतीनेही काल मीच पाणी सोडलं. दरवर्षी सोडते. तुमच्या टाकीतलं पाणी त्यांच्या अंगावरून येतं. ते आज आलं नाही, तर एक दिवस त्यांची आठवण काढ." तो म्हणाला, "तू चिडली आहेस." मी होय म्हटले व फोन ठेवला. मुलाशी मी पूर्वी असे कधी बोललेले नाही.

मला विचारण्यात आले की मोरझरच्या लोकांचा धरणावर राग आहे काय. आहे. मला विचारण्यात आले की बनुबाईचा आहे काय. तिला धरण बांधणाऱ्यांचा आहे, पाण्याचा नाही. पाण्यात तिची माणसे आहेत. मला विचारण्यात आले की माझा आहे काय. याचे उत्तर मी वर दिले आहे.

मला असेही विचारण्यात आले की, व्हॉल्व बनुबाईने उघडला नाही तर कोणी उघडला. माझे उत्तर असे की तो कोणीही उघडला नाही. पॅकिंग गेलेला जोड सुटला. ज्यांनी तो पावसाळ्यानंतर बघू म्हटले, त्यांना बोलावून विचारावे. कुलूप, फळ्या व त्या खोलीत अडकलेली गोणपाटे व ट्यूब यांचा पंचनामा साहेबांची माणसे खोली धुऊन काढण्यापूर्वी व्हावा, अशी माझी विनंती आहे.

बनुबाईने तिच्या माणसांना पाणी सोडले, हे खरे आहे. मीही सोडले. त्याबद्दल तिच्यावर गुन्हा होत असेल, तर माझ्यावरही व्हावा व आम्हाला एकाच बाकावर बसवावे. धरणाचे पाणी आम्ही सोडले नाही. आणि साहेबांनी आम्हाला मोरझरवर पाणी सोडायला सांगितले होते. तेवढे मात्र आम्ही दोघींनी आजवर सोडलेले नाही व पुढेही सोडणार नाही, हे त्यांच्या माहितीसाठी लिहून घ्यावे.

माझा हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो आतल्या बाकावर बनुबाईलाही ऐकू गेला व कुशाबाच्या ओंजळीचा मजकूर आला तेव्हा ती "बरोबर" म्हणाली. एके ठिकाणी "सुटला" याऐवजी "सोडला" टाइप झाले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. आता तो मी सांगितला तसाच आहे. साक्षीदाराची सही लागत नाही, असे मला सांगण्यात आले. मी जाऊ शकते, असेही सांगण्यात आले. परंतु माणूस आपोआप सुटत नाही, त्याला कोणीतरी सोडावे लागते, म्हणून बनुबाईला सोडेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून आहे. हवालदार आता दीपक उतेकरला आत बोलवीत आहेत.